कर्ज उतरवणे प्रकल्प: नोंदी, जून ते डिसेंबर २०२५

८ जून २०२५, रविवार

प्रकल्पाचं नाव कर्ज उतरवणे. जागा: सिडको, नाशिक, भाड्याच्या दोन खोल्या. माणसं तीन, मी, मुलगी (यंदा नववी) आणि मुलगा (चौथी). कंपनीत ऑडिटच्या आधी जशी शीट करतो तशीच घराची करायची ठरवलंय, कारण मार्चमध्ये हे गेले तेव्हापासून पैशाचा विषय निघाला की घरात नुसती धास्ती असते, एकूण किती देणं आहे तो आकडा मात्र कुणालाच माहीत नाही.

आज दुपारी सगळे कागद, मेसेज, पासबुकं घेऊन बसले आणि आकडा काढला. यांचं फायनान्स कंपनीचं पर्सनल लोन १,१८,०००. माझं क्रेडिट कार्ड ३८,४००, हे जवळजवळ सगळं हॉस्पिटलचं. बँकेतलं सोनेतारण ५५,०००. बचत गटाचे १२,०००. दादाकडून हातउसने ३०,०००. किराणावाल्याचं खातं ३,७००. बेरीज २,५७,१००.

जमेची बाजू: सातपूर एमआयडीसीतल्या कंपनीचा पगार हातात १८,८०० आणि एका हार्डवेअर दुकानाच्या टॅलीच्या (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधल्या) एंट्र्या करते त्याचे ३,५००, म्हणजे २२,३००. भाडं ६,००० धरून घरखर्च सगळा मिळून १७,८०० च्या खाली येत नाही, दोनतीनदा कापाकापी करून पाहिली. म्हणजे देण्यासाठी महिन्याला ४,५०० आणि त्यात एकट्या फायनान्स कंपनीचाच हप्ता ५,१५० चा.

शीटमध्ये दोन कॉलम जास्तीचे टाकलेत. एक, कर्ज कोणाच्या नावावर आहे. दोन, महिन्याला व्याज किती टक्के. घरात सगळे म्हणतात जो रोज फोन करतो त्याचं आधी मिटव बाई. मी उलट करणार आहे, कोण किती जोरात मागतंय ते बघायचं नाही, हे दोन कॉलम काय सांगतात त्यावरच क्रम लावायचा.

११ जून

फायनान्स कंपनीच्या वसुलीवाल्याचा फोन रात्री पावणेनऊला. मुलगा शेजारीच जेवत होता. मी एवढंच म्हटलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, तुमचं नाव आणि एजन्सीचं नाव सांगा, लिहून घेते. फोन कट. हा नियम २०२२ पासून स्पष्ट लिहिलेला आहे आणि ज्यांच्या घरी असे फोन येतात त्या प्रत्येकीला तो पाठ असायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं. आलेल्या फोनची तारीख वेळ शीटच्या मागच्या पानावर टाकतेय, कॉल रेकॉर्डिंगही चालू केलंय.

दुसरी गोष्ट, तो आधी म्हणाला होता की मॅडम तुम्ही पत्नी आहात म्हणजे आता लोन तुमचंच. यावर कायदा काय म्हणतो ते पक्कं करून घ्यायचंय.

१३ जून

हाफ डे टाकून सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन आले. १९८७ च्या कायद्याप्रमाणे बाईला मोफत कायदेशीर मदत मिळते आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही, पगार आहे म्हणून नाही म्हणत नाहीत. तिथल्या वकील ताईंनी शांतपणे समजावलं. कर्ज एकट्या यांच्या नावावर, मी सहकर्जदार नाही, जामीनदार नाही, कुठे सही नाही. मग मयताच्या मागे जी मालमत्ता वारसांकडे आली तेवढ्यापुरतीच जबाबदारी, माझ्या पगारातून ते मागू शकत नाहीत. मालमत्ता म्हणाल तर यांची जुनी बाईक आणि खात्यात राहिलेले थोडे पैसे. हे चालवायचे तो टेम्पो मालकाचा होता.

त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. एक, वसुलीवाला कुठलाही नवा कागद, रिस्ट्रक्चरिंग म्हणा, हमीपत्र म्हणा, पुढे करेल, त्यावर सही करायची नाही आणि कोरा चेक तर द्यायचाच नाही, कारण एकदा सही झाली की ते कर्ज खरोखर माझं होऊ शकतं. दोन, लोनचं सँक्शन लेटर, म्हणजे मंजुरीचं पत्र, शोधा आणि त्यात विम्याचा हप्ता कापलाय का बघा.

१५ जून, रविवार

सापडलं! यांच्या लायसनच्या पाऊचमध्ये घडी करून ठेवलेलं. कर्ज मंजूर १,८०,००० पण खात्यात जमा त्यापेक्षा कमी, फरकामध्ये प्रोसेसिंग फी आणि खाली बारीक अक्षरात कर्जाच्या विम्याचा हप्ता ४,८६०. म्हणजे कर्जदार गेला तर शिल्लक कर्ज विमा कंपनी भरणार अशी पॉलिसी यांच्याच पैशातून काढलेली होती, आणि मी एप्रिलमध्येच मृत्यूचा दाखला देऊन आले तरी तेव्हापासून एकाही फोनवर कुणी हे सांगितलं नाही. मला याचा राग आहे. ज्या घरात नवऱ्याच्या लोनचे हप्ते बायको पोटाला चिमटा घेऊन भरतेय तिथे असे कागद किती पाऊचमध्ये पडून असतील.

उद्यापासून शाळा. जुन्या वह्यांची कोरी पानं काढून मुलीने रफ वह्या शिवल्या, मुलाला बूट घेतले, दप्तर मागचंच.

२२ जून

सँक्शन लेटर सापडल्यावर हुरूप आला म्हणून यांच्या बँकेचं पासबुक छापून आणलं आणि दर वर्षीचे मे-जूनचे व्यवहार ओळीने पाहिले. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी हे आवर्जून करा. पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे वर्षाला ४३६ रुपये आपोआप कापले जातात, ती एंट्री असेल तर मृत्यू कशानेही झालेला असो वारसाला २ लाख मिळतात. २० रुपयांची एंट्री असेल तर ती सुरक्षा विम्याची, ती फक्त अपघातासाठी.

आमच्यात २० ची निघाली. ४३६ ची नाही. हे आजाराने गेले, त्यामुळे इथे काही नाही. पान उलटून पुन्हा पाहिलं, नाही.

माझ्या खात्यावर दोन्ही चालू करायचा अर्ज दिला, ४५६ रुपये वर्षाचे. एकट्या कमावत्या आईच्या बजेटमध्ये ही ओळ दुधाच्या आधी यायला हवी असं माझं मत आहे, कुणी काही म्हणो.

३ जुलै

विम्याचा क्लेम दाखल. मृत्यूचा दाखला, हॉस्पिटलचे कागद, माझं आधार-पॅन, सँक्शन लेटरची झेरॉक्स, क्लेम फॉर्म. सगळं विमा कंपनीच्या ऑफिसात आणि फायनान्स कंपनीच्या शाखेत, दोन्हीकडे दिलं आणि दोन्ही प्रतींवर पोच घेतली, शिक्का तारखेसकट. शाखेतला मुलगा पोच द्यायला तयार नव्हता, मी बसून राहिले. सोबत एक पत्र दिलं की क्लेमचा निर्णय होईपर्यंत वसुलीचे फोन थांबवावेत.

शीटमध्ये या कर्जाची ओळ पिवळी केली. या महिन्यापासून त्याला एक रुपया नाही.

१४ जुलै, सोमवार

आता कार्ड. आज गणित मांडलं. व्याज महिन्याला साडेतीन टक्के म्हणजे ३८,४०० वर १,३४४, त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी २४२, मिळून १,५८६. स्टेटमेंटवर मिनिमम ड्यू लिहिलंय १,९२०. म्हणजे इमानदारीत मिनिमम भरलं तरी मुद्दलातले जातात ३३४ रुपये. जीएसटी धरून वर्षाचा दर पन्नास टक्क्यांच्या जवळ पोचतो आणि बाकी थकलेली असताना कार्डावर काहीही नवीन घेतलं तर त्याला बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, पहिल्या दिवसापासून व्याज. एवढं सगळं असून कार्डवाले आवाज चढवून बोलत नाहीत, रोज एक गोड मेसेज येतो फक्त. म्हणून म्हणते आवाजावर जाऊ नका, कॉलम बघा.

कार्डवाले दीड वर्षाचे हप्ते करून देतो म्हणाले, वर्षाला १६ टक्क्यांनी, महिना २,४१४ आणि वर जीएसटी. वाईट नव्हतं. पण सोनेतारणाचा दर आहे ९ टक्के आणि सोनं तोळ्याला लाखाच्या आसपास गेलंय, त्यामुळे तेच दागिने जास्त कर्जाला पुरतात, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत बँक देते (हा २०२५ मधला नियम). आज जुनं खातं बंद करून त्याच सोन्यावर ९४,००० चं नवीन केलं, त्यातून कार्ड पूर्ण भरलं. महिन्याचं व्याज कार्डाचं १,५८६ होतं, त्याच रकमेला आता २९० च्या आत.

आईला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली, मग म्हणाली, अगं मंगळसूत्र आहे त्यात, अजून अडकवलंस? मी तिला सांगितलं की ते विकलेलं नाही, बँकेच्या तिजोरीत आहे, आणि ते सोडवून आणायचं म्हणूनच हे चाललंय. ज्या सोन्यावर हप्ता भरायची शाश्वती नाही ते तारण ठेवू नये हे तिचं म्हणणं बरोबरच आहे. पण माझा पगार आहे, सोन्याची मुदत पुढच्या जुलैपर्यंत आहे आणि मध्ये जमतील तसे मुद्दलात भरता येतात.

कार्ड कापलं नाही, बंद करायचा लेखी अर्ज दिला. थकबाकी शून्य झाल्याचं पत्र मागितलंय.

२७ जुलै, रविवार

स्वयंपाकघराची शीट आता मुलीकडे. ती माझ्यापेक्षा कडक आहे.

महिन्याभरात जे लक्षात आलं ते लिहून ठेवते. किराणा खात्यावर आणला की भाव विचारला जात नाही, चिल्लर वस्तू येत राहतात आणि महिनाअखेर आकडा ऐकून मान खाली घालावी लागते. आता खात्यातले १,८५० भरले, पुढच्या महिन्यात तेवढेच, संपलं खातं. तूरडाळ, तांदूळ, साखर, शेंगदाणे महिन्याचे एकदाच रोख, रविवार कारंजाजवळ होलसेलमधून, तेल पाऊचऐवजी पाच लिटरचा कॅन. गव्हाचं पोतं दादा पिंपळगावहून देतो, कांदेही, त्याचे पैसे तो घेत नाही. पिंपळगावला एसटीने अर्ध्या तिकिटात जाता येतं, मार्च २०२३ पासून बायकांना सगळ्या एसटीत निम्मं भाडं आहे, म्हणून सामान मीच आणते. भाजी पवननगरच्या बाजारात रात्री आठनंतर. गॅस साडेआठशेच्या वर गेलाय, दीड महिना पुरलाच पाहिजे म्हणून डाळ-भात एकाच कुकरमध्ये, कडधान्य भिजवलेलंच. लाइटची १०० युनिटं हा लक्ष्मणरेषेचा आकडा, त्यापुढच्या युनिटांचा दर एकदम चढतो, मुलगी दर रविवारी मीटर वाचून लिहिते.

दूध कमी केलेलं नाही आणि करणार नाही. मुलाची शाळेची सहलही राहील. काही ओळींना हात लावायचा नाही हे आधीच ठरवलं की बाकीच्या कापताना त्रास होत नाही.

मुलांना किती सांगायचं यावर खूप विचार केला. आकडा सांगितलाय, देणं किती आणि दर महिन्याला किती कमी होतंय ते दोघांना माहीत आहे. फोनवरची भाषा सांगितलेली नाही.

१९ ऑगस्ट

बालसंगोपन योजनेचा अर्ज, दोन्ही मुलांचा. पूर्ण नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना, आईवडिलांपैकी एकच असलेल्या मुलांना त्यात धरतात आणि एका मुलामागे महिन्याला २,२५० रुपये आहेत, १८ वर्षं होईपर्यंत. ही योजना आमच्या चाळीत कुणालाच माहीत नव्हती, मला बचत गटातल्या एका ताईंनी सांगितली ज्यांचे मिस्टर करोनात गेले. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात, मग घरी येऊन पाहणी, मग बालकल्याण समिती. शाळेचे बोनाफाईड, मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, मुलांसोबतचा घरासमोरचा फोटो.

लाडकी बहीणचा अर्ज आम्ही तेव्हा भरला नव्हता, दोघांचं मिळून उत्पन्न अडीच लाखांच्या वर जात होतं.

नियम: मंजुरी येऊन खात्यात जमा होईपर्यंत यातला रुपयाही बजेटमध्ये धरायचा नाही.

३१ ऑगस्ट

गणपती शाडूचा, छोटा, पाच दिवसांचा, आज विसर्जन. मोदक घरचेच.

सुट्टीत पीएफच्या पोर्टलवर जाऊन नॉमिनी बदलले. अजून यांचंच नाव होतं तिथे. आता दोन्ही मुलं, अज्ञान असल्यामुळे पालक म्हणून दादाचं नाव. हे काम पाच मिनिटांत उरकलं तरी यादीत मी खूप वर ठेवलं होतं, कारण पीएफसोबत नोकरीत असताना मृत्यू झाला तर विमाही असतो, ७ लाखांपर्यंत, आणि मुलांना त्यासाठी कुणाच्या दारात उभं राहायला लागू नये.

२४ सप्टेंबर

क्लेम मंजूर. विमा कंपनीने मृत्यूच्या तारखेची शिल्लक १,११,४०० थेट फायनान्स कंपनीला भरली.

जिना चढून वर आले आणि मुलीला मेसेज दाखवला, ती रडली, मीही.

पण काम संपलं नाही. फायनान्स कंपनी म्हणते ६,६०० अजून बाकी, मार्चनंतरचं व्याज आणि लेट चार्जेस. मी लगेच त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल टाकला की मृत्यूची माहिती लेखी दिल्यावरही विम्याबद्दल सांगितलं नाही, उशीर त्यांच्याकडून झाला, हे चार्जेस काढून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं पत्र, द्यावं, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. लोकपालाकडे तक्रारीला पैसे लागत नाहीत, ऑनलाइन होते.

परवापासून जीएसटी बदललाय. वह्या, पेन्सिली, खोडरबरावरचा कर गेला, साबण टूथपेस्ट १८ वरून ५ वर. सहामाहीच्या वह्या आज घेतल्या, दुकानदाराकडे नवीन दर लावलेत का ते विचारूनच.

१२ ऑक्टोबर

६,६०० माफ. नो ड्यूजचं पत्र मेलवर आलं, प्रिंट काढून दोन प्रती, एक दादाकडे. शीटमधली पिवळी ओळ हिरवी.

१९ ऑक्टोबर, रविवार

बोनस ८,५००. वाटणी बोनस यायच्या आधीच लिहून ठेवली होती, हातात पैसे आल्यावर विचार करत बसलं की दिवाळी बाजाराची होते. सोन्याच्या मुद्दलात ५,०००, दादाला २,०००, मुलांचे कपडे आणि फराळ १,५००. चकली, शेव, चिवडा केला. बेसनाचे लाडू, करंजी यंदा नाही, तूप परवडत नाही. गटातल्या तिघी मिळून एकाच घरी भाजणी आणि तळण केलं, तेल गॅस विभागून. ऋण काढून सण करायचा नाही हे गटात सगळ्यांनीच ठरवलंय.

२४ ऑक्टोबर

काल भाऊबीज. दादाने २,००० घ्यायला साफ नकार दिला, म्हणाला ताटात टाकायच्या दिवशी तू मला देतेस होय. मी म्हटलं, तुझं ओवाळणीचं पाकीट मी घेतलं ना, मग हे तू घे, हे वेगळं आहे. वहिनीने मध्ये पडून घेतले आणि कॅलेंडरवर लिहिले. बरं झालं. नात्यातल्या उसन्याला व्याज नसतं म्हणून ते शीटमध्ये सगळ्यात खाली आहे, पण त्याला दर थोडे दिवसांनी काहीतरी जायलाच हवं, त्यांनीही कांद्याच्या पैशातून मोडून दिलेत आणि यंदा कांद्याला भाव नाही.

१६ नोव्हेंबर

मुलगा आठवडाभर तापाने. पगार २१,००० च्या आत असल्यामुळे मी ईएसआयसीत (कामगार विमा योजनेत) आहे, मुलंही त्यात धरली जातात. दवाखाना, रक्ताच्या तपासण्या, औषधं, काही द्यावं लागलं नाही. मार्चच्या आधी हे कार्ड मी कधी वापरलं नव्हतं, लाइन असते म्हणून सगळे टाळतात. लाइन होती. बसलो.

दोन दिवस रजा बिनपगारी गेली तेवढा फटका, तो अडीनडीच्या डब्यातून काढला. सप्टेंबरपासून महिन्याला ६०० बाजूला टाकतेय ते याच्याचसाठी, नाहीतर हे पैसे पुन्हा कार्डावर किंवा कुणाकडे मागून आणावे लागले असते. सोन्याचा हप्ता चुकला नाही.

७ डिसेंबर

बालसंगोपनवाल्या मॅडम घरी येऊन गेल्या होत्या, काल समितीसमोर बोलावलं. मुलीला विचारलं पुढे काय व्हायचंय, ती म्हणाली सीए. आदेश व्हायचाय.

बचत गटाच्या मीटिंगमध्ये व्याजावरून चर्चा झाली. गटाचं व्याज महिन्याला २ टक्के, वर्षाला २४, म्हणजे सोनेतारणापेक्षा महाग, मग मी ते आधी का फेडत नाही असं एकीने विचारलं. मी म्हटलं, हे व्याज गटातच राहतं, वर्षअखेर वाटणीत आपल्या सगळ्यांकडेच परत येतं, शिवाय इथे दर महिन्याला १,००० मुद्दल जातंच आहे आणि ते जूनमध्ये संपतं. मुख्य म्हणजे उद्या अडचण आली तर सहीशिवाय, तारणाशिवाय दारात उभं करतील अशा या बायकाच आहेत, यांचा हप्ता मी कधी पुढे ढकलणार नाही.

२८ डिसेंबर, रविवार

वर्षअखेरची शीट. फायनान्स कंपनी ०. कार्ड ०. किराणा ०. सोनेतारण ८१,०००. गट ६,०००. दादा २८,०००. एकूण १,१५,०००.

जानेवारीची कामं: घरमालक भाडं ५०० ने वाढवायचं म्हणताहेत, पगारवाढ एप्रिलमध्ये आहे तोपर्यंत थांबा म्हणून बोलायचं. सिबिलचा (कर्ज कसं फेडलं त्याच्या नोंदीचा) वर्षाचा एक मोफत रिपोर्ट काढून कार्ड बंद झाल्याची नोंद नीट पडलीय का बघायची, "सेटल्ड" (म्हणजे पूर्ण न भरता तडजोडीत मिटवलं असं) लिहिलेलं असेल तर शून्य थकबाकीचं पत्र जोडून दुरुस्त करून घ्यायचं. समितीच्या आदेशाची चौकशी. हार्डवेअरवाल्यांचा भाऊ पण टॅलीचं काम देतोय, महिना २,००० म्हणतोय, २,५०० मागणार. जूनमध्ये गट संपला की ते १,००० सोन्यात वळवायचे, आणि जुलैत मुदत संपते तेव्हा व्याज भरून राहिलेल्या रकमेचंच नवीन खातं करायचं, बँकेतले साहेब सोन्याचा भाव वाढलाय अजून उचला म्हणतील, उचलायचे नाहीत.